फूल हरलं, मराठी नाही

दर वर्षी १६ जानेवारी जवळ आला की एकच वाद परत उकरून काढला जातो. तिकडे गोव्यात अस्मिताय दिस, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं का यावर १९६७ ला झालेल्या मतदानाचा दिवस, साजरा होतो, आणि इकडे आपल्या ग्रुपांवर मेसेज फिरायला लागतात की गोवा मराठी माणसाच्या हातातून गेला, दिल्लीने घात केला, भाषेशी गद्दारी झाली वगैरे. त्याला उत्तर म्हणून गोव्याकडून येतं की आम्ही मराठीचं आक्रमण परतवलं, कोंकणी जिंकली. मी दोन्हीकडचं बरीच वर्षं वाचतोय, माझे अर्धे नातेवाईक सीमेच्या पलीकडे आहेत, आणि प्रत्येक वेळी वाटतं की दोन्ही बाजू एकाच चुकीच्या पायावर उभ्या राहून भांडतायत. दोघांनीही धरूनच चाललंय की १९६७ चं ते मतदान भाषेवर झालं. माझं म्हणणं सरळ आहे, मराठी त्या दिवशी मतपत्रिकेवर नव्हतीच. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती, महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल आणि केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. लोकांनी मत दिलं ते जमीन, नोकरी, ताडी-माडीचा धंदा आणि आपला कारभार कुठून चालणार या सगळ्याचा विचार करून. त्यांना तसं विचारलं गेलं ही माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट होती, आणि हे मी महाराष्ट्रातला मराठी माणूस म्हणून बोलतोय.

थोडं मागे जाऊ. १५१० पासून पोर्तुगीज, १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य पणजीत, १९६२ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित प्रदेश. साडेचारशे वर्षांची वसाहत एकदम देशात आली खरी, पण नेमक्या कुठल्या घरात राहणार ते ठरलं नव्हतं. नेहरूंनी गोव्याचं वेगळेपण लोकांना हवं तोवर जपू असं आश्वासन दिलेलं. डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. मुक्तीनंतर दोन वर्षांत! ३० पैकी १४ जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, म्हणजे मगोपला, आणि १२ युनायटेड गोवन्स पक्षाला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, डॉ. जॅक सिक्वेरा विरोधी पक्षनेते. एकाला विलीनीकरण हवं, दुसऱ्याला नको. १९६५ च्या सुरुवातीला गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही केला. सिक्वेरांचं म्हणणं असं की एवढा मोठा निर्णय आमदारांनी हात वर करून घ्यायचा नाही, थेट लोकांना विचारा. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला, मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून बांदोडकरांचं सरकार बाजूला झालं, आणि १६ जानेवारी १९६७ ला मतदान. फुलाला १,३८,१७० मतं आणि दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा.

आता आपल्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा आधी घेतो, कारण तो खरंच दमदार आहे. १९६३ ला लोकांनी विलीनीकरणाचं नाव घेऊन लढलेल्या पक्षाला निवडून दिलं, विधानसभेने ठराव केला, मग पुन्हा विचारायची गरज काय होती? महाराष्ट्र, गुजरात, आंध्र, पंजाब, कुठल्याच राज्याच्या वेळी असं चिन्हं देऊन मतदान झालं नाही, मग गोव्यालाच का? दिल्लीतल्या काँग्रेसला बांदोडकर नको होते हेही खरं, पुरुषोत्तम काकोडकरांसारख्या गोव्यातल्या काँग्रेस नेत्यांनी दिल्लीत आपलं वजन विलीनीकरणाच्या विरोधात टाकलं हेही खरं. हे सगळं मान्य. पण ३० मधल्या स्वतःच्या १४ जागा हा एवढ्या मोठ्या निर्णयाचा कौल होतो का? निवडणुकीतला निर्णय पाच वर्षांनी फिरवता येतो, चुकलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला आणता येतं. राज्य विलीन झालं की विधानसभाच उरत नाही, मग परत फिरवणार कोण? ज्या निर्णयाने निर्णय घेणारं सभागृहच संपणार आहे तो निर्णय त्याच सभागृहाने घ्यावा हे मला तरी पटत नाही. आणि मतदार यादीचं म्हणाल तर ती उलट विलीनीकरणाच्या बाजूची होती. मुंबईत आणि बाहेर पोटासाठी गेलेल्या गोवेकरांना मत द्यायला मिळावं ही युनायटेड गोवन्सची मागणी मान्य झाली नाही. वेगळं राज्य हा पर्याय तर मतपत्रिकेवरच नव्हता, केंद्रशासित राहणं एवढंच समोर होतं. म्हणजे दोन पानांना मत देणाऱ्याला स्वतःचं पूर्ण राज्य कुणी देऊ केलेलं नसताना त्याने ते मत दिलं.

दुसरा मुद्दा भाषेचा. हाच आपल्याला जास्त दुखतो. गोव्यातला हिंदू माणूस पिढ्यान् पिढ्या मराठीत लिहीत-वाचत आला हे शंभर टक्के खरं आहे. जत्रेतली नाटकं मराठी, देवळातलं कीर्तन मराठी, भजन मराठी, पोर्तुगीजांच्या काळात लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या शाळा मराठी. माझी आत्ये १९६४ ला डिचोलीत दिली. तिचे सासरे घरात, शेतावर, बाजारात फक्त कोंकणी बोलायचे, पण आमच्या आजोबांना पोस्टकार्ड लिहायला बसले की वर 'श्री', मग 'सा. न. वि. वि.', आणि खाली सगळी एकजात वळणदार मराठी. ती कार्डं आजही आमच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात आहेत. एकदा मी लहान असताना त्यांना विचारलं होतं की आबा तुमची भाषा नक्की कुठली, तर म्हणाले, "बरयतांव मराठी, उलयतांव कोंकणी." लिहितो मराठी, बोलतो कोंकणी. त्यांना त्यात कसलंच भांडण दिसत नव्हतं. तिसरी एखादी गोष्ट विचारावी तसं त्यांनी उत्तर दिलं आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. म्हणून म्हणतो, ज्या माणसाच्या तोंडात एक आणि बोटात दुसरी भाषा सुखाने राहते त्याला तुम्ही सांगताय की तू या दिवशी एकीला निवडलंस आणि दुसरीला नाकारलंस?

आबांनी मत फुलालाच दिलं होतं. पण का दिलं ते बघा. ते मुंडकार होते. म्हणजे घर त्यांचं, पण घराखालची जमीन भाटकाराची. भाटकाराच्या घरी कार्य असलं की कामाला जायचं, समोर गेलं की उभं राहायचं, आणि त्याच्या मनात आलं तर घर सोडायचं. महाराष्ट्रात तोवर कूळकायदा होऊन जमीन कसणाऱ्याच्या नावावर होऊ लागली होती, सीमेपलीकडे सावंतवाडीत नात्यातल्या लोकांना सातबारा मिळालेला त्यांनी डोळ्यांनी बघितलेला. त्यांच्यासाठी महाराष्ट्र म्हणजे शिवाजी महाराज किंवा ज्ञानेश्वरी हे नंतर, आधी सातबारा. बांदोडकरांच्या मागे बहुजन समाज एवढा घट्ट का उभा राहिला त्याचं उत्तर इथे आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत फूल जोरात चाललं, हा सगळा नव्या काबिजादीचा मुलूख, अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेलेला, इन्क्विझिशनची, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाची, झळ तशी न पोचलेला, देवळं आणि देसाई-भाटकार दोन्ही टिकून राहिलेला. तिसवाडी, बारदेस, सासष्टी ही जुनी काबिजाद, सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांची, तिथला अनुभव वेगळा, तिथली भीती वेगळी. नकाशावर हे नीट बघितलं तरी कळतं की लोक भाषेच्या रेघेवर वाटले गेले नव्हते, कारण बोलायला कोंकणी दोन्हीकडे होती.

आणि इथेच विलीनीकरणवाद्यांची चूक झाली असं मला प्रामाणिकपणे वाटतं. जमिनीचा जो मुद्दा त्यांचा हुकमी एक्का होता तो बांदोडकरांनी स्वतःच १९६४ मध्ये गोव्यातच कूळकायदा करून अर्धा सोडवला. लोकांना दिसलं की महाराष्ट्रात न जाताही भाटकाराला वेसण घालता येते, आपला मुख्यमंत्री पणजीत बसून ते करतोय. मग विलीनीकरणासाठी उरलं काय? उरली भाषा आणि संस्कृती. तिकडून मुंबई-पुण्याहून मोठमोठे वक्ते आले, अत्र्यांसारखी माणसं कोंकणी ही भाषाच नाही म्हणाली, 'झालाच पाहिजे' च्या घोषणा झाल्या. ज्या घोषणेने मुंबई मिळवली तीच इथे चालेल असं वाटलं. पण मुंबईत ती घोषणा देणारा माणूस मुंबईतला होता! परळ-लालबागचा कामगार स्वतःच्या घराबद्दल बोलत होता. मडगावच्या माणसाला पुण्याहून येऊन कुणी तुझी आई जे बोलते ती भाषा नाही असं सांगितलं तर तो काय करेल? सासष्टीतल्या रेंदेराला, म्हणजे माडावर चढून सूर काढणाऱ्याला, महाराष्ट्रातली दारूबंदी माहीत होती. त्याच्या पोटाचं काय, यावर फुलाच्या बाजूने त्याला पटेल असं उत्तर कुणी दिलं? पणजीतल्या कारकुनाला मुक्तीनंतर बाहेरून येऊन बसलेले अधिकारी रोज दिसत होते, उद्या सगळी फाईल मुंबईला सचिवालयात गेली तर आपली बढती कोण करणार हा त्याचा प्रश्न. हे क्षुद्र प्रश्न आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा स्वतःच्या घराचा हिशोब बघावा.

एक गोष्ट तर आपल्याकडे कुणी सांगतच नाही. विलीनीकरणाच्या विरोधातलं सगळ्यात धारदार हत्यार मराठीच होतं. मडगावहून निघणारा 'राष्ट्रमत' हा दैनिक मराठी होता. त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचं सदर लिहायचे, रोज विलीनीकरणाच्या बाजूचा एकेक मुद्दा घेऊन तो खोडायचे, आणि लिहायचे मराठीतून, कारण हिंदू वाचकापर्यंत पोचायची भाषा तीच होती. समोर पणजीचा 'गोमन्तक', तोही मराठी, तो विलीनीकरणाच्या बाजूने. म्हणजे गावातल्या टपरीवर दोन मराठी पेपर शेजारी शेजारी टांगलेले, एक म्हणतोय महाराष्ट्रात चला आणि दुसरा म्हणतोय अजिबात जाऊ नका, आणि माणसं दोन्ही वाचून वाद घालतायत. मराठीचा पराभव असा असतो? मला तर वाटतं मराठी पत्रकारितेच्या इतिहासात एवढ्या गंभीर प्रश्नावर एवढा समोरासमोर आणि एवढा परिणामकारक वाद क्वचितच झाला असेल. आपण त्याचा अभिमान बाळगायला हवा होता, त्याऐवजी आपण सुतक पाळत बसलो.

अशी गोष्ट फक्त आपल्याकडेच झाली असंही नाही. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे, ब्रिटिशांची जुनी वसाहत, मंदीत कंगाल होऊन १९३४ मध्ये स्वतःचं सरकार गमावून बसलेली. १९४८ ला तिथल्या लोकांना विचारलं की कॅनडात जायचं, पुन्हा स्वतःचं सरकार हवं, की आहे ती लंडनने नेमलेली समिती चालू ठेवायची. जूनमध्ये कुणालाच बहुमत नाही, जुलैमध्ये परत मतदान, आणि कॅनडाच्या बाजूने जेमतेम ५२ टक्के. ३१ मार्च १९४९ ला बेट कॅनडात गेलं. तिथे जोई स्मॉलवूड हा विलीनीकरणाचा पुढारी होता आणि त्याने काय केलं? तो मच्छीमारांच्या खेड्यापाड्यांत सांगत फिरला की कॅनडात गेलात तर पोरामागे दर महिना भत्ता मिळेल, म्हाताऱ्यांना पेन्शन मिळेल. राजधानी सेंट जॉन्सचे व्यापारी आणि तिथली बरीच कॅथलिक वस्ती विरोधात, किनाऱ्यावरची गरीब खेडी बाजूने. तिथेही राष्ट्र, इतिहास, अस्मिता सगळं बोललं गेलं, पण निकाल फिरला तो घरातल्या पैशावर. भाषा तर दोन्हीकडे बहुतेक इंग्रजीच होती, मग ४८ टक्के लोक विरोधात का गेले? एक भाषा म्हणजे एक राज्य हे समीकरण इतकं आपोआप सुटत असतं तर तिथे वाद व्हायलाच नको होता. स्मॉलवूड जिंकला कारण लोकांना विलीनीकरणातून काय मिळणार हे तो बोटावर मोजून सांगू शकला. आपल्या लोकांना ते १९६७ मध्ये सांगता आलं नाही.

पण मग गोव्याकडच्या मित्रांनाही बोलायला हवं, कारण तिकडचा युक्तिवादही तितकाच आंधळा झालाय. मराठीला हरवलं म्हणता, तर मार्चचं काय? जानेवारीत फूल पडलं आणि दोनच महिन्यांत मार्च १९६७ ला विधानसभेची निवडणूक झाली, त्यात त्याच मतदारांनी सिंह निशाणीवाल्या मगोपला आधीपेक्षा जास्त, १६ जागा दिल्या आणि बांदोडकर परत मुख्यमंत्री. विलीनीकरण नको म्हणणाऱ्यांनी विलीनीकरणवादी माणूस परत निवडला. हे भाषेच्या चष्म्यातून समजतच नाही, जमिनीच्या आणि राज्यकारभाराच्या चष्म्यातून लगेच समजतं. त्यांना बांदोडकर हवे होते, पण पणजीत. मग १९७३ मध्ये भाऊसाहेब गेले, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, त्यांच्या काळात मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि कसेल त्याची जमीन ही दुरुस्तीही झाली. जे सगळं महाराष्ट्रात जाऊन मिळणार होतं ते गोव्यातच मिळालं, आणि मिळवून देणारा पक्ष महाराष्ट्रवादी! तसंच हे मतदान ख्रिश्चन विरुद्ध हिंदू होतं असं जे दोन्हीकडचे लोक दबक्या आवाजात बोलतात ते आकड्यांत बसत नाही. हिंदू ६० टक्क्यांच्या आसपास होते, सगळे फुलाकडे गेले असते तर फूल आरामात जिंकलं असतं. ढोबळ हिशोब केला तरी चाळीस-पन्नास हजार हिंदूंनी दोन पानांना मत दिल्याशिवाय हा निकाल लागूच शकत नाही. आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा झाली तरी सरकारी कामात मराठी वापरायची सोय ठेवावी लागली. ज्या भाषेला तुम्ही वीस वर्षांपूर्वी हरवलं म्हणता तिच्यासाठी कायद्यात जागा का ठेवावी लागली? कारण ती तुमच्याच घरातली होती. त्या कायद्याआधीच्या आंदोलनात रक्त सांडलं, माणसं मेली, हे लक्षात ठेवून तरी जिंकलो-हरलो ही भाषा सोडायला हवी.

आता आपल्याकडचा जो प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो त्याच्याकडे येतो. बेळगाव. सीमावादावरचा महाजन आयोग नेमला गेला ऑक्टोबर १९६६ मध्ये आणि त्याचा अहवाल आला १९६७ मध्ये, म्हणजे गोव्याचं मतदान त्या दोन्हींच्या मधोमध. बेळगावबद्दल महाराष्ट्र काय म्हणत आला? की खेडं हा घटक धरा, सलगता बघा, भाषिक बहुसंख्या बघा आणि लोकेच्छा बघा. लोकांना विचारा! आयोगाने बेळगाव शहर नाकारलं तेव्हा आपला संताप हाच होता की तिथल्या माणसाची इच्छा मोजलीच नाही, तिथून महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार वर्षानुवर्षं निवडून येत होते ते काय उगाच? बरोबर आहे, मी स्वतः त्या सभांना गेलोय आणि पुढेही जाईन. पण मग गोव्यात लोकेच्छा मोजली गेली, स्वच्छ मोजली गेली, आणि ती आपल्या मनासारखी आली नाही म्हणून तो घात? संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून जास्त माणसं गेली ती दिल्लीने मुंबईच्या लोकांचं म्हणणं ऐकावं म्हणून गेली. तोच नियम गोव्याला लावायला आपली जीभ का अडखळते? गोव्याचा निकाल मनापासून मान्य करणाऱ्या महाराष्ट्रालाच बेळगावबद्दल ताठ मानेने बोलता येतं.

राहिला एक मुद्दा, तो मी टाळणार नाही. लोक म्हणतात की बघा ना आज गोव्याचं काय झालंय, डोंगर खाणींनी खाल्ले, किनारे हॉटेलांनी, जमिनी बाहेरच्यांनी, एवढासा प्रदेश स्वतःला सांभाळू शकला नाही, मोठ्या राज्यात असता तर वाचला असता. गोव्याची जमीन जाताना बघून मलाही पोटात तुटतं. पण मोठ्या राज्यात असता तर वाचला असता याला पुरावा काय? आपला सिंधुदुर्ग बघा, मोठ्या राज्यातच आहे. स्वतःचा जिल्हा व्हायला १९८१ उजाडलं. चार वर्षांपूर्वी माझ्या काकांना छातीत दुखायला लागलं तेव्हा जवळच्या दवाखान्यात सोय नव्हती, रात्री अकरा वाजता अँब्युलन्स कुडाळहून निघाली ती थेट गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला. पत्रादेवीचा चेकनाका आला तेव्हा ड्रायव्हर नुसता म्हणाला, "आता टेन्शन नाही." सिंधुदुर्गातली असंख्य माणसं अशी रोज बांबोळीला जातात, १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून वाढलेलं ते हॉस्पिटल आहे. समजा १९६७ ला फूल जिंकलं असतं आणि गोवा म्हणजे मुंबईपासून पाचशे-सहाशे किलोमीटरवरचे एक-दोन जिल्हे झाले असते, तर त्या रात्री अँब्युलन्स कुठे गेली असती? मला याचं उत्तर खात्रीने देता येत नाही, पण जे लोक 'वाचला असता' असं ठामपणे बोलतात त्यांनी आधी वेंगुर्ला, दोडामार्ग, सावंतवाडीतल्या लोकांना विचारून यावं की मंत्रालय त्यांना किती जवळचं वाटतं.

गेल्या महिन्यात आत्येला फोन केला होता. ऐंशीला आली आता, कान कमी झालेत, पण आठवण पक्की. म्हटलं, आत्ये, फूल हरलं तेव्हा वाईट वाटलं का गं? म्हणाली, "वाटलं की रे बाबा, दोन दिवस घरात कोण धड जेवलं नाही. आबा तर गप्पच. मग मार्चात सिंहाला मत दिलं, भाऊसाहेब परत आले, आणि तुझ्या दादाला गावातल्या मराठी शाळेत घातला. मुंडकाराचा कायदा झाला तेव्हा आबांनी घराला पहिल्यांदा पुढून चिरा लावला." मग फोन तिच्या नातीकडे गेला, ती माझ्याशी कोंकणीत बोलली, मी मराठीत, आणि मध्येच तिने विचारलं की पणजोबांची ती पोस्टकार्डं आहेत ना अजून तुमच्याकडे, मला वाचायचीयत.